विकलेला वेग परत करावा

विद्युत-सायकलींच्या कारखानदारांस एक अनावृत पत्र

वाळपई, सत्तरी (गोवा)

पुणे, लुधियाना आणि अन्य नगरांत विद्युत-सायकली निर्माण करणाऱ्या समस्त कारखानदार महाशयांस,



आपला-माझा परिचय नाही, आणि एरवी तो होण्याचे काही कारणही नव्हते. परंतु आपल्या मालाची जाहिरात आमच्या गावापर्यंत पोहोचते, जाहिरातीमागून माल येतो, आणि मालामागून हप्त्यांचा तगादाही नेमाने येतो. येत नाही तो एवढाच : त्या मालाचा सुटा भाग, आणि तो बिघडल्यास काय करावे हे सांगणारा जबाबदार इसम. ही उणीव ज्यांना रोज सोसावी लागते त्यांच्या वतीने, कोणतेही मुखत्यारपत्र नसताना, हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्यात कोठे शब्द तीव्र वाटल्यास तो आपल्या व्यवसायाविषयीच्या अनादरापोटी आला आहे असे कृपया समजू नये. विद्युत-सायकल ही वस्तू मला मनापासून आवडते, आणि ती पाच वर्षांत भंगारात जाऊ नये याच कळकळीने मी लिहीत आहे.

वाळपई हे सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथून एक वाट होंड्यावरून साखळी-डिचोलीस जाते, एक उसगाववरून फोंड्यास, आणि एक ठाणे-डोंगुर्लीच्या रानाकडे. रस्ते बहुतांशी डांबरी आणि चांगले असले तरी सरळ असे थोडेच. काजूच्या बागायतींतून चढायचे, कुळागराच्या सावलीत उतरायचे, पुन्हा चढायचे, हा त्यांचा क्रम. होंडा आणि पिसुर्ले येथील औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार, पहाटे पाव घेऊन फिरणारा पोदेर, दुकानातील नोकर, शाळा-कॉलेजातील मुले, अशा लोकांनी तीन-चार वर्षांपूर्वी आपल्या सायकली घेतल्या. स्कूटर परवडत नव्हती, पेट्रोल त्याहून परवडत नव्हते, आणि कदंबच्या बसची वेळ पाळीच्या वेळेशी दरवेळी जुळतेच असे नाही. या साध्या हिशेबावर झालेली ही खरेदी होती. तीत हौसेचा अंश फार थोडा.

आज त्याच सायकली घेऊन हे लोक बाजारातील मिस्त्रीकडे जातात आणि एकच मागणी करतात : थोडक्या पैशांत हिचा वेग वाढवून द्या. ही मागणी ऐकून आपण आपल्या कार्यालयात कदाचित कपाळाला आठ्या घालाल, आणि हमीच्या कागदावरील ते बारीक अक्षरांतील कलम दाखवाल, की सायकलीत फेरफार केल्यास हमी रद्द होईल. माझे म्हणणे मात्र असे आहे की, या मागणीचा मोठा हिस्सा नव्या वेगाचा नसून जुन्याच वेगाचा आहे. जो वेग आपण पैसे घेऊन विकला, आणि जो दुरुस्तीची सोय न ठेवल्यामुळे वर्षा-दोन वर्षांत ग्राहकाच्या हातून निसटला, तोच तो बिचारा परत मागतो आहे. हे कसे, ते आता कलमवार मांडतो.

पहिली तक्रार बॅटरीची. आपल्या छत्तीस व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियमच्या सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर त्यांचा एकत्रित दाब ४२ व्होल्ट असतो, आणि रिकामा होत आल्यावर तो तीस-एकतीसपर्यंत उतरतो. चाकातील मोटरीचा मोकळा वेग या दाबाच्या प्रमाणात चालतो. सबब, सेल जुने झाले, त्यांचा आंतरिक रोध वाढला, आणि चढावर प्रवाह खेचताच दाब कोसळू लागला, की जी सायकल नवी असताना सहजगत्या ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने जात होती ती अठरावर रेंगाळू लागते. स्वाराला वाटते मोटर थकली. मोटरीस बहुधा काहीही झालेले नसते. तिच्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नसतो, इतकेच.

आमच्या बाजारातील एका मिस्त्रीने असा एक पॅक माझ्यासमोर उघडला होता. तो स्क्रूंनी मिटवलेला नव्हता; कवचाच्या दोन्ही अर्ध्यांना गोंद लावून ते कायमचे चिकटवलेले होते, त्यामुळे पातळ पात्याने कड सोडवताना एक कोपरा तडकलाच. आत निळ्या वेष्टनातील तीस सेल, तीन-तीनांच्या दहा रांगा, वर निकेलच्या पट्ट्या, आणि एका बाजूस रक्षणाची हिरवी पाटी, जिला आपण बीएमएस म्हणता. मिस्त्रीने मीटरची टोके एकेका गटावर ठेवली : नऊ गटांवर तीन दशांश नऊ व्होल्टच्या आसपास, आणि दहाव्यावर जेमतेम तीन. हा दहावा गट भार येताच खाली जाई आणि रक्षणाची पाटी सगळाच पुरवठा तोडी. भरताना बाकीचे नऊ आधी भरत, आणि पाटी भरणेही थांबवी. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, दहांतले नऊ जिवंत आहेत. कंपनीच्या हिशेबी मात्र अख्खा पॅक मेला." कंपनीचे उत्तरही तेच होते : नवा पॅक घ्या. नव्या पॅकची किंमत सायकलीच्या मूळ किमतीच्या इतकी जवळ जाणारी होती की मालकाने ती सायकल परसात उभी करून ठेवली.

जुन्या सेलमध्ये नवे सेल मिसळण्यात धोका असतो, लिथियमचे काम अडाण्याच्या हाती देऊ नये, हे मी जाणतो. २०२२ साली देशात ठिकठिकाणी विद्युत दुचाकींनी पेट घेतला आणि त्यानंतर मोटार-वाहनांच्या वर्गातील बॅटऱ्यांसाठी सरकारला कसोट्या कडक कराव्या लागल्या, हेही मला ठाऊक आहे. पण नेमक्या याच कारणासाठी हे काम जाणत्याच्या हाती सोपवण्याची तजवीज आपण करावयास हवी होती. आपण ती न करता पॅक चिकटवून टाकलात. परिणामी तो उघडला जातोच, फक्त तो साधनहीन माणसाकडून, उघड्या बाकावर, तडकलेल्या कवचासह उघडला जातो. गोंदाने सुरक्षितता वाढली असे म्हणण्यास मला तरी आधार दिसत नाही.

दुसरी तक्रार सुट्या भागांची. प्रत्येक कंपनीचा चार्जरचा खटका वेगळा, कंट्रोलरच्या तारांचे रंग वेगळे, दर्शकाची जोडणी वेगळी. इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या दोन सायकलींत ती वेगळी. थ्रॉटल निकामी झाला तर तो मिळत नाही, पॅडल-असिस्टची चुंबक-चकती फुटली तर ती मिळत नाही, आणि कंट्रोलरमध्ये पाणी गेले तर "ते मॉडेल बंद झाले" असे उत्तर मिळते. पाणी जाणारच, कारण गोव्यात सर्वाधिक पाऊस जेथे नोंदवला जातो अशा ठिकाणांत वाळपईचे नाव दरवर्षी असते, आणि आपला कंट्रोलर आपण उघड्या फटींच्या डब्यात, नेमका मागच्या चाकाच्या चिखलापाशी बसवता. साध्या सायकलीचे मात्र पाहा : चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकलीस आज कोणत्याही दुकानात चेन मिळते, छर्रे मिळतात, कप-कोन मिळतात. त्या व्यवसायाने मापे ठरवली आणि पाळली. आपण त्याच सायकलीवर एक मोटर चढवलीत आणि ती सारी परंपरा मोडीत काढलीत.

तिसरी तक्रार चेनच्या चाकांवरील दात्यांची, आणि ती ऐकण्यास क्षुल्लक वाटली तरी वेगाशी तिचा संबंध सर्वांत निकटचा आहे. आपल्या स्वस्त सायकलींत पुढे ४४ आणि मागे १८ दाते असे जोड नेहमी आढळतात. सव्वीस इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर सात सेंटिमीटर. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यास सायकल पाच मीटरांहून किंचित अधिक पुढे जाते. मिनिटास साठ फेरे, ही सामान्य माणसाची सुखाची गती धरली, तर वेग होतो ताशी अठरा किलोमीटर. त्यापुढे मोटर खेचत असते आणि पाय रिकामे फिरतात. पंचवीसच्या वेगात पायांचा हातभार लागावा असे वाटत असेल तर मिनिटास ब्याऐंशी फेरे मारावे लागतील, जे पाळीवरून परतणाऱ्या माणसास शक्य नाही. मागे १६ दात्यांचे फ्रीव्हील असते तर त्याच साठ फेऱ्यांत साडेवीसचा वेग मिळाला असता. चढावर ते थोडे जड पडले असते, हे खरे, पण चढावर मोटर असतेच. हा फरक घडवण्यास आपणांस कारखान्यात अधिक खर्च पडला नसता.

चौथी तक्रार माहितीची. सायकलीबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत, क्वचित हिंदीत. मराठीत वा कोकणीत ती आम्ही पाहिलेली नाही. तीत सुंदर चित्रे असतात. पण पॅकचा पूर्ण भरलेला आणि रिकामा दाब किती, कंट्रोलर किती प्रवाहास बांधला आहे, त्यातील कपॅसिटर किती व्होल्टपर्यंत टिकतो, टायरमध्ये हवा किती असावी, यांपैकी एक शब्द नसतो. ज्ञान दडवले म्हणजे प्रयोग थांबतात असा आपला समज दिसतो. प्रत्यक्षात प्रयोग चालूच राहतात. दडवल्यामुळे ते केवळ आंधळे होतात.

ते आंधळे प्रयोग कोणते, हेही आपणांस सांगितले पाहिजे, कारण त्यांचे परिणाम अखेर आपल्याच नावावर जमा होतात. सर्वांत सोपा प्रयोग म्हणजे कंट्रोलरमधील वेग-मर्यादेची तार सोडवणे, किंवा दर्शकातील आकडा बदलणे. पुष्कळ कंट्रोलरांत ही मर्यादा अशा एका सुट्या जोडणीवर अवलंबून असते की ती काढण्यास दोन मिनिटे पुरतात. दुसरा प्रयोग, कंट्रोलरच्या पाटीवरील प्रवाह मोजणाऱ्या शंटवर डाख चढवणे, म्हणजे प्रवाह अधिक वाहतो. त्याने चढावर जोर येतो खरा, पण मोटरीतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, मॉसफेट जळतात, आणि हबच्या आत नायलॉनची दातेरी चाके असतील तर त्यांचे दाते झडतात. तिसरा आणि सर्वांत मोहक प्रयोग, छत्तीसच्या जागी अठ्ठेचाळीस व्होल्टचा पॅक बसवणे. त्याचा पूर्ण दाब ५४.६ व्होल्ट, आणि कंट्रोलरमधील कपॅसिटर जर पन्नास व्होल्टचा असला, तर तो पहिल्याच दिवशी फुगतो किंवा फुटतो. तो त्रेसष्टचा असला आणि टिकला, तरी मोटरीच्या आसाची खाच त्या वाढीव ओढीसाठी घडवलेली नसते; आस फिरला की तारा पिळून तुटतात, आणि चाकच चिमट्यातून निसटण्याचा संभव असतो.

या साऱ्यातून साधते काय, याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. पल्ला दहा किलोमीटरांचा धरू. अठराच्या वेगाने त्यास तेहेतीस मिनिटे लागतात, पंचवीसच्या वेगाने चोवीस, आणि पस्तीसच्या वेगाने सतरा. म्हणजे थकलेली सायकल तिच्या मूळ वेगावर आणली तर नऊ मिनिटे वाचतात. आणि तिला पंचवीसवरून बेकायदा पस्तीसवर नेले तर सातच. पहिल्या नऊ मिनिटांसाठी लागतो निरोगी पॅक, भरपूर हवा, तेल घातलेली चेन, आणि फार तर एक फ्रीव्हील. पॅक वगळता हा खर्च काही शेकड्यांत भागतो. पुढच्या सात मिनिटांसाठी मात्र वाऱ्याशी झगडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढत जाऊन पावणेतीन पट होते, बॅटरीचा पल्ला आखडतो, आणि थांबवताना ब्रेकांनी जिरवावयाची ऊर्जा दुपटीला भिडते. ओल्या रस्त्यावर, ओल्या रिमवर, पंचवीसच्या वेगातील सायकल डोळ्यांना धोका दिसल्यापासून सुमारे एकोणीस मीटरांत थांबेल असे धरले, तर पस्तीसच्या वेगात तिला तेहेतीस मीटर लागतील. डिचोलीच्या वाटेवर खनिजाचे ट्रक पुन्हा धावू लागले आहेत. तेथे चौदा मीटर ही रक्कम लहान नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या सायकलीची साहाय्यक मोटर २५० वॉटहून कमी शक्तीची आहे, आणि जिचे बळ ताशी २५ किलोमीटरच्या वेगास पोहोचताच, किंवा पाय थांबताच, तुटते, ती सायकल मोटार-वाहन गणली जात नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको, विमा नको. तारेचे टोक सोडवून हा उंबरठा ओलांडला, की तीच वस्तू मोटार-वाहन ठरते, आणि मोटार-वाहन म्हणून तिची नोंदणी करावी म्हटले तर तिला कोणत्याही चाचणी-संस्थेचे प्रमाणपत्र नसल्यामुळे तीही होत नाही. ना धड सायकल, ना धड मोटार. अशा वाहनाने कोणास इजा झाली तर विम्याचे संरक्षण नाही, आणि भरपाईचा बोजा पाळीवर जाणाऱ्या त्या कामगाराच्या डोक्यावर. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने वेग वाढवलेल्या विद्युत दुचाकींविरुद्ध तपासणीची मोहीम उघडली होती. त्या वेळी नियमभंग करणाऱ्या उत्पादकांवर आणि विक्रेत्यांवर कारवाई करण्याचीही भाषा झाली, ही गोष्ट आपल्या स्मरणात असेलच. कित्येक ठिकाणी विकतानाच "ही पस्तीसही जाते" असे ग्राहकाच्या कानात सांगितले जाते आणि पावतीवर मात्र पंचवीस लिहिले जाते. हा दुटप्पीपणा आपण थांबवावा, अशी माझी नम्र पण स्पष्ट विनंती आहे.

आता बाकीच्या मागण्या एकेक करून लिहितो. त्या अवाजवी नाहीत, हे दाखवण्यापुरते परदेशचे दाखले देतो.

एक. पॅक स्क्रूंनी उघडता येण्याजोगा असावा, आणि त्यातील सेलचे गट प्रशिक्षित कारागिरास बदलता यावेत. युरोपीय संघाने २०२३ साली बॅटरीविषयी जो विनियम संमत केला, त्यानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा हलक्या वाहनांची बॅटरीच नव्हे, तर तिच्या पॅकमधील एकेक सेलदेखील स्वतंत्र व्यावसायिकास काढता-बसवता आला पाहिजे, आणि त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे बॅटरी सुटा भाग म्हणून मिळाली पाहिजे. जे कारखानदार उद्या युरोपात माल पाठवू इच्छितात त्यांना हे करावेच लागेल. मग जे हॅम्बुर्गच्या ग्राहकास मिळणार ते होंड्याच्या कामगारास का मिळू नये?

दोन. प्रत्येक नमुन्याच्या सुट्या भागांची यादी, क्रमांक आणि किंमत यांसह, छापून प्रसिद्ध करावी. आणि भाग किती वर्षांच्या मुदतीपर्यंत पुरवू याचे वचन पावतीवर द्यावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ च्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू केले आहे, आणि त्यावर वाहने व उपकरणे यांच्या उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. आपण आपल्या होऊन तेथे यावे. बोलावणे येण्याची वाट पाहू नये.

तीन. मृत पॅक परत घ्यावा आणि त्याचा काही मोबदला नव्या पॅकच्या किमतीतून वजा करावा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेलीच आहे. ती आपण कागदोपत्री पार पाडत असालही. सत्तरीत मात्र जुने पॅक आजही भंगारवाल्याच्या ढिगात पावसाखाली पडलेले दिसतात.

चार. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका तरी स्थानिक मिस्त्रीस प्रशिक्षण द्यावे, त्यास लेखी दाखला द्यावा, आणि त्याच्याकडे पॅक तपासण्याचे यंत्र ठेवावे. आमच्या मुलांतील कितीतरी आयटीआयमधून विजेचे वा यंत्राचे काम शिकून बाहेर पडतात. त्यांना हे काम शिकण्यास आठवडा पुरेल. आज ज्याला आपण अनधिकृत म्हणता तोच उद्या आपला अधिकृत माणूस होईल.

पाच. जुन्या सायकलींसाठी कारखान्यातच जोडलेला, तपासलेला आणि कायद्याच्या मर्यादेत बसणारा असा एक सुधारणा-संच विकावा : पाणी न शिरणारा कंट्रोलर, १६ दात्यांचे फ्रीव्हील, पुढच्या चाकास चकतीचा ब्रेक बसत असल्यास तो, नसल्यास उत्तम प्रतीचे ब्रेक-ब्लॉक, आणि आस फिरू नये म्हणून पोलादी अडसर. असा संच माफक किमतीत मिळाला, तर वेगाची मर्यादा तोडण्याकडे वळणारे निम्मे हात मागे येतील असा मला भरवसा वाटतो.

सहा. ज्यांना खरोखरच पंचवीसहून अधिक वेग हवा आहे त्यांच्यासाठी राजमार्ग उघडावा, म्हणून आपण सर्वांनी मिळून सरकारदरबारी अर्ज करावा. युरोपात ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साहाय्य देणाऱ्या सायकलींचा एक निराळा वर्ग आहे. त्यांना क्रमांकाची पाटी, विमा आणि शिरस्त्राण लागते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१५ साली तीन वर्ग ठरवले, आणि त्यातील तिसऱ्या वर्गास ताशी २८ मैलांपर्यंत मोटरीचे साहाय्य मान्य केले. उलटपक्षी, ज्या फ्रान्समध्ये असा स्वतंत्र वर्ग उपलब्ध आहे, तेथे साध्या विद्युत-सायकलीची मर्यादा तोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद आणि तीस हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. वाट दिली, मग शिक्षा कठोर केली. हा क्रम न्याय्य आहे. आपल्याकडे जुन्या पेट्रोल वाहनांवर संमत विद्युत-संच बसवण्याची तरतूद नियमांत झालेली आहे. त्याच धर्तीवर सायकलीसाठीही संमत संच, संमत कारागीर आणि नोंदणीचा सोपा मार्ग असावा, अशी मागणी करण्यास हरकत कसली? दिल्ली सरकारने २०२२ साली पहिल्या दहा हजार विद्युत-सायकलींना अनुदान देऊ केले होते. नव्या सायकलीच्या खरेदीस सरकार पैसा देऊ शकते, तर जुनी सायकल सुरक्षितपणे चालती ठेवण्यास थोडा द्यावा, असे आपल्या गोव्याच्या परिवहन खात्यासही सुचवता येईल.

सात. पुस्तिका मराठीत आणि कोकणीत छापावी, आणि तीत वर म्हटलेले सारे आकडे द्यावेत.

हे पत्र आपल्या नावे असले तरी ते आमच्या सायकलस्वारांच्याही वाचण्यात येईल, म्हणून त्यांस उद्देशून चार शब्द येथेच लिहितो. गड्यांनो, तार सोडवण्यापूर्वी टायरच्या कडेवर छापलेला दाब वाचा आणि तितकी हवा भरा. निम्म्या हवेवर चालणारी सायकल मोटरीचे बळ रस्त्यातच सांडते. चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल, छर्रे कोरडे पडले असतील, तर ते आधी नीट करा. पॅक पूर्ण भरून चढावर दाब किती उतरतो ते मिस्त्रीकडून मोजून घ्या. तो फारच कोसळत असेल तर नव्या मोटरीवर एक पैसाही घालवू नका. ब्रेकचे ब्लॉक पावसाळ्याच्या तोंडी बदला. एवढे केल्यावरही वेग अपुरा वाटला, तर आधी पैसा साठवा आणि नोंदणी होणारे वाहन घ्या. आणि मिस्त्री बंधूंनो, ज्या कंट्रोलरवर कपॅसिटरचा आकडा तुम्ही वाचलेला नाही, त्याला अधिक व्होल्टचा पॅक जोडू नका. गिऱ्हाईक कितीही विनवू दे.

पुन्हा आपल्याकडे वळतो. आपण म्हणाल, या किमतीत एवढे सारे देणे परवडत नाही. किंमत ठरवण्याचा अधिकार आपला, हे मला मान्य आहे. पण मग जाहिरातीत पंचवीसचा वेग लिहिताना तो किती वर्षांचा, हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. ज्या वस्तूची दुरुस्ती होत नाही ती वस्तू विकली जात नाही, भाड्याने दिली जाते. आणि भाडे एकरकमी घेऊन मुदत सांगायची नाही, हा व्यवहार कोणत्याही बाजारात सरळ गणला जाणार नाही. गरिबाने वेग मागितला म्हणून तो उच्छृंखल ठरत नाही. त्याला पाळीवर वेळेवर पोहोचावयाचे असते. ती गरज आपण ओळखली म्हणून तर आपला माल खपला. आता तिची राखण करणे हेही आपलेच काम आहे.

या पत्राचे उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. ते सविस्तर नसले तरी चालेल. आपल्या तीन वर्षांपूर्वीच्या एका नमुन्याच्या सुट्या भागांचे छापील दरपत्रक, आणि ते भाग वाळपईत कोणाकडे मिळतील त्याचा पत्ता, एवढे पाठवलेत तरी मी ते उत्तर समजेन आणि बाजारातील मिस्त्रीच्या दुकानाच्या भिंतीवर लावून देईन.



आपला,
एक सायकलस्वार
वाळपई, सत्तरी, गोवा